कसाला लावलेलं आणि कसाला उतरलेलं : स्पॅनिशमधली विज्ञान-तत्त्वज्ञानाची परिभाषा इंग्रजीत नेताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. स्पॅनिश शिकून झाल्यावर पहिलंच मोठं काम हाती आलंय : एका अर्जेंटिनी संशोधिकेचा विज्ञानाच्या तत्त्वज्ञानावरचा लेख इंग्रजीत करायचा. 'एपिस्तेमोलोखिया'ला 'एपिस्टेमॉलॉजी' लिहिलं, तर ती म्हणते बदला. 'कोन्त्रास्तासिओन'ला यंत्र 'कॉन्ट्रास्ट' देतं, कोश पाच पर्याय देतो. 'एबिदेन्सिया' कुठे 'एव्हिडन्स' वाटतं, कुठे वाटत नाही. मग शब्द ठरवायचा कसा?

संशोधिकेचं बरोबर आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. लॅटिन अमेरिकेत, आणि अर्जेंटिनात तर विशेष, 'एपिस्तेमोलोखिया' म्हटलं की बहुतेक वेळा विज्ञानाचं तत्त्वज्ञान अभिप्रेत असतं. फ्रेंचांचीही हीच तऱ्हा. इंग्रजीतली 'एपिस्टेमॉलॉजी' म्हणजे एकूण ज्ञानाचीच मीमांसा. समोर झाड आहे हे मी कशाच्या आधारावर म्हणतो, इथपासून तिची सुरुवात होते. त्या शाखेला स्पॅनिशमध्ये 'ग्नोसेओलोखिया' किंवा 'तेओरिया देल कोनोसिमिएन्तो' अशी वेगळी नावं आहेत. अर्जेंटिनी विज्ञान-तत्त्वज्ञ मारिओ बुंगे (१९१९–२०२०) हे याचं सोयीचं उदाहरण, कारण ते दोन्ही भाषांत स्वतःच लिहीत. १९८० सालच्या 'एपिस्तेमोलोखिया' या स्पॅनिश पुस्तकात त्यांनी सुरुवातीलाच 'एपिस्तेमोलोखिया, म्हणजेच विज्ञानाचं तत्त्वज्ञान' असं सांगून टाकलंय. तीनच वर्षांनी, १९८३ मध्ये, त्यांच्या आठ खंडांच्या इंग्रजी 'ट्रीटिस'मधले जे दोन खंड आले त्यांच्या नावातही 'एपिस्टेमॉलॉजी' आहे. तिथे मात्र ती ज्ञानमीमांसा आहे. माणूस तोच, पण भाषा बदलताना त्याने शब्दाचं काम बदललं.

आता हे वाचून 'सगळीकडे फिलॉसॉफी ऑफ सायन्स' असं एका झटक्यात बदलून टाकू नका. ग्रेगोरिओ क्लिमोव्हस्की यांच्या १९९४ सालच्या पुस्तकावर अर्जेंटिनातल्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या पोसल्या आहेत. त्यांच्या हिशेबात 'एपिस्तेमोलोखिया' म्हणजे वैज्ञानिक ज्ञान कसं निर्माण होतं आणि कोणत्या निकषांवर ते टिकतं किंवा पडतं, एवढाच प्रांत. 'फिलोसोफिया दे ला सिएन्सिया' त्याहून मोठी. तुमची संशोधिका त्या परंपरेतली असेल आणि एकाच परिच्छेदात दोन्ही शब्द वापरत असेल, तर दोन्हींना एकच इंग्रजी शब्द दिल्यावर 'विज्ञानाचं तत्त्वज्ञान हा विज्ञानाच्या तत्त्वज्ञानाचा भाग आहे' असलं काहीतरी छापून येईल. अशा ठिकाणी मी 'एपिस्टेमॉलॉजी ऑफ सायन्स' लिहितो. आणि लेखात 'एपिस्तेमोलोखियास देल सूर' असं अनेकवचन आलं तर तो तिसराच प्रकार. ती पोर्तुगीज समाजशास्त्रज्ञ बोआव्हेंतुरा द सौसा सांतुश यांची चर्चा, तिथे शब्दाचा रोख निरनिराळ्या समाजांच्या जाणून घेण्याच्या रीतींकडे असतो, आणि इंग्रजीत 'एपिस्टेमॉलॉजीज ऑफ द साउथ' हेच रूढ आहे. तिथे हात लावू नये.

या एका शब्दात तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. स्पॅनिश शब्दासाठी इंग्रजी शब्द शोधण्याआधी त्या शब्दाचं माहेर शोधा. या विषयातली बरीच स्पॅनिश परिभाषा जर्मन किंवा इंग्रजी ग्रंथांच्या भाषांतरांतून आलेली आहे. असा शब्द इंग्रजीत नेताना तुम्ही भाषांतर करतच नसता, त्याला माहेरी पोचवत असता. तिथे त्याचं नाव आधीच ठरलेलं असतं, तुमच्या कल्पकतेला वाव शून्य. उलट काही शब्द स्पॅनिशमध्येच वाढलेले आहेत. त्यांना इंग्रजीत तयार घर नाही. सगळा वेळ आणि डोकं तिथे खर्च करायचं. माझ्या पाहण्यातले नवे भाषांतरकार नेमकं उलटं करतात. कार्ल पॉपर या विज्ञान-तत्त्वज्ञाच्या शब्दांवर दोन दिवस घालवतात आणि 'साबेर' (जाणणे) वरून पाच मिनिटांत पुढे जातात.

पॉपरचंच घ्या. सिद्धान्त कधी पक्का सिद्ध होत नाही, तो फक्त खोटा ठरवता येतो, हे त्याचं म्हणणं. ते मांडणारा मूळ ग्रंथ जर्मन, १९३४ चा. त्याची इंग्रजी आवृत्ती १९५९ ची. माद्रिदच्या तेक्नोस प्रकाशनाने व्हिक्तोर सांचेस दे सावाला यांचं स्पॅनिश भाषांतर आणलं १९६२ मध्ये. स्पॅनिश विज्ञान-तत्त्वज्ञानाच्या बोलीवर या एका भाषांतराचा ठसा इतका खोल आहे की लोकांना हे शब्द कुणीतरी निवडले होते याचाही विसर पडलाय. 'टेस्ट'ला त्यांनी 'कोन्त्रास्तार' घेतला. 'फॉल्सिफाय'साठी 'फाल्सिफिकार' हाताशी होता, पण त्याचा अर्थ खोट्या नोटा छापणे, बनावट सही करणे. 'फाल्सेआर' म्हणजे विपर्यास करणे. म्हणून 'फाल्सार', आणि त्यावरून 'फाल्साबिलिदाद', 'फाल्सासिओन'.

आता तुमच्या 'कोन्त्रास्तासिओन'कडे. इथे मराठी माणसाला एक फायदा आहे. 'कोन्त्रास्तार' हा स्पॅनिशमध्ये सोनाराचाही शब्द. सोन्याचांदीचा कस तपासून त्यावर छाप मारणे, असा त्याचा जुना अर्थ कोशात आजही आहे आणि त्या छापाला 'कोन्त्रास्ते' म्हणतात. म्हणजे आपली कसोटी! आपण सिद्धान्त कसोटीला लावतो तेव्हा नेमकं हेच रूपक वापरत असतो. (गंमत म्हणजे धातूच्या त्या कसाला स्पॅनिशमध्ये 'लेय' म्हणतात, आणि 'लेय' म्हणजे निसर्गनियमही. सोनाराचं दुकान आणि प्रयोगशाळा या भाषेत शेजारी शेजारी आहेत.) तर 'कोन्त्रास्तासिओन' हे 'टेस्टिंग', 'कोन्त्रास्ताबिलिदाद' हे 'टेस्टेबिलिटी', आणि संख्याशास्त्रातलं 'कोन्त्रास्ते दे इपोतेसिस' हे 'हायपॉथिसिस टेस्टिंग'. यात 'कॉन्ट्रास्ट' कुठेही नाही.

खरी अडचण त्याच्या कृदन्ताची. 'इपोतेसिस कोन्त्रास्तादा' म्हणजे कसाला लावलेलं गृहीतक की कसाला उतरलेलं? मराठीत लावणे आणि उतरणे ही दोन क्रियापदं असल्यामुळे आपल्याला फरक लगेच जाणवतो. स्पॅनिशमध्ये एकाच रूपात दोन्ही मावतात. रोजच्या वापरात 'दे कोन्त्रास्तादा कालिदाद' म्हणजे गुणवत्तेबद्दल शंका नाही असं, म्हणजे उतरलेलं. पण काटेकोर पॉपरवादी लेखक त्याच रूपाने फक्त 'तपासलेलं' म्हणत असतो, निकाल काहीही लागो. इंग्रजीत नुसतं 'टेस्टेड' लिहून तुम्ही दुसरा अर्थ गाळता, 'वेल-कन्फर्म्ड' लिहून लेखकाच्या तोंडी पॉपरला न पटणारी गोष्ट घालता. संदर्भावरून सुटलं नाही तर लेखिकेला विचारा. माझ्या अनुभवात या रूपाबद्दल विचारलेला प्रश्न कधी वाया गेला नाही. दोनदा तर लेखकाने मूळ स्पॅनिशच दुरुस्त केलं.

'फाल्सार'च्या बाबतीत उलटा पेच येतो. स्पॅनिशने जे दोन शब्द वेगळे केले ते इंग्रजीत पुन्हा एक होतात. मी एकदा संशोधनातल्या लबाडीवरचा लेख करत होतो. एका पानावर 'फाल्सिफिकासिओन दे दातोस', म्हणजे आकड्यांशी केलेली हातचलाखी, आणि पुढच्याच पानावर पॉपरची 'फाल्सासिओन'. दोन्हींना 'फॉल्सिफिकेशन'. लबाडीसाठी 'फॅब्रिकेशन' घ्यावं म्हटलं तर संशोधननीतीत तो वेगळा गुन्हा आहे : नसलेले आकडे रचणे. शेवटी लबाडीला प्रत्येक वेळी 'डेटा फॉल्सिफिकेशन' असं जोडूनच लिहिलं आणि पॉपरसाठी 'रेफ्युटेशन' घेतलं, एका तळटीपेसह. फार सुंदर तोड नव्हे, पण वाचक अडखळला नाही.

माहेरी पोचवण्याचे आणखी दोन नमुने. विज्ञानाचा इतिहासकार थॉमस कून याच्या वैज्ञानिक क्रांत्यांवरच्या गाजलेल्या ग्रंथाची स्पॅनिशमध्ये दोन भाषांतरं आहेत. १९७१ चं आगुस्तीन कोन्तीन यांचं, आणि बऱ्याच वर्षांनी आलेलं कार्लोस सोलीस यांचं. कूनच्या 'पझल'ला पहिल्यात 'एनिग्मा' आहे, दुसऱ्यात 'रोम्पेकाबेसास', म्हणजे तुकडे जुळवायचं कोडं. लेखिकेने जुनी आवृत्ती वाचलेली असेल तर ती 'रेसोलुसिओन दे एनिग्मास' लिहील, आणि तुम्ही 'सॉल्व्हिंग एनिग्माज' लिहिलंत की कूनचं म्हणणंच उलटं होईल. त्याच्या लेखी सामान्य विज्ञानातल्या (म्हणजे रुळलेल्या चौकटीत चालणाऱ्या रोजच्या संशोधनातल्या) कोड्याला उत्तर असणार याची खात्री असते, शब्दकोड्यासारखी. गूढ म्हणजे कूनला जे म्हणायचं नव्हतं ते.

दुसरा नमुना रचनावाद्यांचा, वैज्ञानिक सिद्धान्ताची रचना गणिती पद्धतीने उलगडणाऱ्यांचा, म्हणजे स्नीड, बाल्झर आणि काराकासमध्ये जन्मलेले उलिसेस मौलिनेस यांच्या परंपरेचा. ही शाखा स्पॅनिश जगात चांगली रुजलेली आहे. त्यांच्या लेखात 'कोन्दिसिओनेस दे लिगादुरा' भेटतील. हे 'लिगेचर' नाही, 'बाँड'ही नाही. यामिकीत 'लिगादुरा' म्हणजे बंधन, आणि मूळ इंग्रजी संज्ञा 'कन्स्ट्रेंट'. शेजारी 'बिन्कुलो' आला तर तो 'लिंक'. 'आप्लिकासिओनेस प्रोपुएस्तास', 'प्रेतेन्दिदास', 'इन्तेन्सिओनालेस' असे तीन लेखक तीन तऱ्हांनी लिहितात, इंग्रजीत तिन्हींना 'इंटेंडेड ॲप्लिकेशन्स'. स्नीड, बाल्झर आणि मौलिनेस यांचा १९८७ चा इंग्रजी ग्रंथ समोर उघडून बसलात की एका दुपारीत सगळी यादी होते. स्वतःचं डोकं चालवलंत तर आठवडा जातो आणि तज्ज्ञ वाचक पहिल्या पानावर हसतो.

आता दुसऱ्या जातीचे शब्द, जे स्पॅनिशच्या घरातच वाढले.

'एबिदेन्सिया' हा मधल्या वाटेवरचा आहे. स्पॅनिशमध्ये त्याचा मुरलेला अर्थ आहे स्वयंस्पष्टता. ज्याबद्दल शंकाच घेता येत नाही असं उघड दिसणं. पुराव्याला शब्द होते 'प्रुएबा', 'इन्दिसियो', 'दातोस'. इंग्रजीच्या संगतीने 'एबिदेन्सिया एम्पिरिका' शिरला आणि आता सर्रास चालतो. वैद्यकात तर 'पुराव्यावर आधारित' यासाठी 'एबिदेन्सिया' घ्यायचा की 'प्रुएबास', यावर तिकडे अजून भांडणं होतात. म्हणून लेखाचं वर्ष आणि लेखिकेचं कूळ बघायचं. देकार्त किंवा हुसर्लवर लिहिणारी असेल तर बहुधा 'सेल्फ-एव्हिडन्स'. लसीच्या चाचण्यांवर लिहिणारी असेल तर 'एव्हिडन्स'. एकाच लेखात दोन्ही अर्थ असतील तर खुणेची पेन्सिल घेऊन प्रत्येक ठिकाण तपासा, दुसरा इलाज नाही. आणि स्पॅनिश अनेकवचनाच्या नादाने 'एव्हिडन्सेस' लिहू नका. आपल्याकडे ती चूक आधीच घरची आहे.

'साबेर' आणि 'कोनोसेर' यांवर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो. मराठीत 'रमाला मी ओळखतो' आणि 'रमा पुण्यात राहते हे मला माहीत आहे' या दोन वाक्यांत क्रियापदं वेगळी आहेत. स्पॅनिशमध्येही वेगळी, इंग्रजीत दोन्हीकडे 'नो'. मेक्सिकोचे तत्त्वज्ञ लुइस बियोरो (१९२२–२०१४) यांनी या भेदावर अख्खा ग्रंथ उभा केला. १९८२ च्या त्या पुस्तकाचं नावच तीन क्रियापदं : 'क्रेएर, साबेर, कोनोसेर'. 'क्रेएर' म्हणजे मानणे. 'साबेर' म्हणजे कुणापुढेही मांडता येतील अशा पुरेशा कारणांवर टेकलेलं ज्ञान. 'कोनोसेर' म्हणजे स्वतः प्रत्यक्ष अनुभवून झालेली ओळख. १९९८ च्या इंग्रजी आवृत्तीचं नाव बघा : 'बिलीफ, पर्सनल, अँड प्रपोझिशनल नॉलेज'. तीन ताजी क्रियापदं गेली आणि एक जड नाम दोन विशेषणं घेऊन आलं. कानाला रुक्ष, पण मला ती निवड पटते, कारण भेद शाबूत राहिला. शीर्षक गोड करायच्या नादात 'नोइंग' दोनदा लिहून काही साधलं नसतं. तुमच्या लेखिकेने बियोरोचा आधार घेतला असेल तर हीच जोडी वापरा. नुसतं सैल 'कोनोसिमिएन्तो' असेल तर साधं 'नॉलेज' पुरतं, कारण ते सर्वसमावेशक नाम आहे आणि प्रत्येक वेळी त्यात 'कोनोसेर'चा खास अर्थ नसतो. 'साबेरेस' या अनेकवचनाला पूर्वी मी 'फॉर्म्स ऑफ नॉलेज' लिहायचो. आता मानवविद्यांत 'नॉलेजेस' रुळलंय, तरी मला ते अजून खुपतं.

एक शब्द मात्र असा आहे की जिथे कोश पूर्ण बरोबर असूनही तुम्ही पूर्ण चुकू शकता : 'सिएन्तिफिसिस्मो'. कोश म्हणेल 'सायंटिझम'. इंग्रजीत ते बहुधा दूषण आहे. सगळ्या प्रश्नांची उत्तरं विज्ञानाकडेच आहेत असं मानणाऱ्याला म्हणतात. बुंगे हा शब्द अभिमानाने मिरवत, त्याची बाजू घेऊन लिहीत. तिथे 'सायंटिझम'च हवं, बोचरेपणासकट. पण ब्युनोस आयर्सचे गणिती ओस्कार बार्साव्स्की यांनी १९६९ च्या 'सिएन्सिया, पोलितिका इ सिएन्तिफिसिस्मो' मध्ये याच शब्दाने दुसऱ्याच गोष्टीवर बोट ठेवलं. त्यांचा 'सिएन्तिफिसिस्ता' म्हणजे परदेशी नियतकालिकं आणि निधी यांच्या बाजारात स्वतःला बसवून घेतलेला संशोधक, आपल्या कामाचा समाजाला अर्थ काय हा प्रश्न विचारणंच ज्याने सोडून दिलंय असा. म्हणजे आरोप आहे वृत्तीवर आणि अवलंबित्वावर, ज्ञानाच्या मर्यादांवर नव्हे. अर्जेंटिनातला विज्ञान-धोरणावरचा लेख असेल तर बहुधा हाच अर्थ असतो. मी पहिल्या वेळी 'सायंटिझम' लिहून कंसात स्पॅनिश शब्द तिरप्या टाइपात देतो आणि अर्ध्या वाक्यात बार्साव्स्कीचा अर्थ सांगतो. पुढे प्रत्येक वेळी स्पॅनिश शब्दच ठेवतो. इंग्रजी वाचकाला एक परका शब्द सहज पेलतो. ओळखीचा वाटणारा चुकीचा शब्द जास्त घात करतो.

'तेक्निका'बद्दल (तंत्र) थोडक्यात. स्पॅनिश तत्त्वज्ञ ओर्तेगा इ गासेत यांच्या या विषयावरच्या व्याख्यानांच्या इंग्रजी भाषांतराला १९४१ मध्ये 'मॅन द टेक्निशियन' असं नाव दिलं गेलं, म्हणजे शब्दालाच वळसा घातला. बुंगेकडे मात्र 'तेक्निका' (विज्ञानाधाराविना चालत आलेली कारागिरी) आणि 'तेक्नोलोखिया' यांत भेद आहे. दोन्हींना 'टेक्नॉलॉजी' करून चालत नाही.

माझ्या चुकाही सांगतो, म्हणजे तुमचा धीर वाढेल. सुरुवातीच्या काळात 'लेगालिदाद दे ला नातुरालेसा' याचं मी 'लीगॅलिटी ऑफ नेचर' केलं होतं. हवं होतं 'लॉफुलनेस', निसर्ग नियमबद्ध असणं. संपादकाने समासात एवढंच लिहून पाठवलं : 'कोणत्या कलमाखाली?' 'प्रेसुपुएस्तो' तसाच. त्याचा एक अर्थ पूर्वगृहीत, दुसरा अर्थसंकल्प. 'लोस प्रेसुपुएस्तोस दे ला सिएन्सिया' या शीर्षकाखाली काहीही असू शकतं, आणि मी मजकूर न वाचता आधी शीर्षकं करून टाकायचो. इथे 'बजेट्स' करून बसलो. त्या लेखात खरोखरच शेवटी संशोधनाच्या निधीची तक्रार होती, त्यामुळे चूक छापून येईपर्यंत कुणाच्या लक्षात आली नाही.

कामाची पद्धत विचारलीत म्हणून. मी लेख शेवटाकडून वाचायला घेतो. आधी संदर्भसूची. तिच्यात पॉपर १९६२ चा स्पॅनिश आहे की इंग्रजी, कून कुठल्या आवृत्तीचा, बुंगे स्पॅनिश की इंग्रजी, यावरून लेखिकेची अर्धी शब्दसंपत्ती समजते. मग तीस-चाळीस संज्ञांचा तक्ता करून, प्रत्येकीपुढे माझी निवड आणि शंका लिहून, पहिलं वाक्य भाषांतरित करण्याआधी तिला पाठवतो. उत्तर यायला चार दिवस लागले तरी थांबतो. अवतरणांचं उलट भाषांतर कधीच करत नाही. पॉपर, कून, कार्नाप यांची वाक्यं छापील इंग्रजी आवृत्तीतूनच घ्यायची आणि पृष्ठक्रमांकही बदलायचे. यात वेळ भरपूर जातो आणि नवखे लोक तो मोबदल्यात धरायला विसरतात. अंदाज देताना अवतरणं मोजून घ्या.

शेवटचा मुद्दा, तुम्ही विचारला नाहीत पण लेखाच्या तळाशी हमखास येईल. लेखिकेच्या परिचयात 'प्रोफेसोरा तितुलार दे ला कातेद्रा दे एपिस्तेमोलोखिया' असं असणार. स्पेनमध्ये 'कातेद्रा' म्हणजे सर्वोच्च प्राध्यापकपद आणि 'तितुलार' त्याखालची पायरी. अर्जेंटिनात 'कातेद्रा' म्हणजे एका विषयाचा अध्यापनगट आणि 'तितुलार' ही त्यातली सगळ्यात वरची पायरी. 'चेअर' लिहू नका, 'असोसिएट'ही लिहू नका. साधं 'प्रोफेसर' पुरे. आणि विषयाच्या नावात तिच्या विद्यापीठाने स्वतःच्या इंग्रजी पानावर 'एपिस्टेमॉलॉजी' छापलं असेल, तर तेवढ्या एका ओळीत ते तसंच राहू द्या. पदाचं अधिकृत नाव दुरुस्त करणं आपल्या हातात नाही.